शब्द का कळेनात? निपाणीच्या एका गाडीतल्या इक्वलायझरचं प्रकरण

गाडी केए-२३ पासिंगची, उंच टपाची हॅचबॅक. मालक माझे मामा. निपाणीत तंबाखूची वखार सांभाळतात आणि संध्याकाळी भजनी मंडळात तबल्याला बसतात. बेळगावची फेरी त्यांना नेहमीचीच. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, वंटमुरी घाट, काकती असा सव्वा-दीड तासाचा रस्ता, तोही बहुतेक वेळा एकट्याने. गाणं हीच सोबत. म्हणून मामेभावानं हौसेनं गाडीत नवा सेट बसवून घेतला आणि मामांचं गाणं तिथंच बिघडलं.

मामांची तक्रार त्यांच्याच शब्दांत देतो, कारण पुढचा सगळा तपास तिच्यावरच उभा आहे. "बुवा अभंग म्हणायल्यात की गुळणी धरून बसल्यात, कायच कळंना झालंय. आवाज वाढवला की फाटतोय. आणि डग्ग्यावर थाप पडली की नुसतं गदगद. घिस्सा कुठं गेला त्यातला?" (डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला खोल आवाजाचा; घिस्सा म्हणजे त्याच्यावर मनगट दाबत सूर सरकवणं.) मामी शेजारच्या सीटवर असल्या की तिसरी तक्रार जोडली जायची: "अहो, कमी करा तो आवाज, डोकं उठलं." मामेभावाचं मत उलटं. त्याच्या मते बास अजून कमीच होता.

एकाच गाडीत, एकाच सेटबद्दल तिघांची तीन गाऱ्हाणी. अशा वेळी लोक सरळ इक्वलायझर, म्हणजे खोल ते तीव्र सुरांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय, उघडतात आणि पट्ट्या वरखाली करत बसतात. मी आधी गाडीत काय काय बसवलंय ते पाहिलं.

काय बसवलं होतं

डॅशबोर्डमध्ये १३ पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर असलेला स्टिरिओ. पट्ट्या ५० हर्ट्झपासून सुरू होतात (आकडा लहान तितका सूर खोल), त्यानंतर ८०, १२५, २००, ३१५, ५००, ८०० आणि मग १.२५, २, ३.१५, ५, ८, १२.५ किलोहर्ट्झ. पुढच्या दारांत साडेसहा इंची कॉम्पोनंट सेट, म्हणजे खालच्या सुरांचा वूफर दारात आणि वरच्या सुरांचा ट्विटर वेगळा. हे ट्विटर डॅशबोर्डच्या दोन टोकांना काचेकडे तोंड करून चिकटवलेले. मागं ट्रेवर सहा-नऊ इंची ओव्हल, म्हणजे लंबगोल स्पीकर. शिवाय डाव्या सीटखाली आठ इंची सबवूफर, म्हणजे फक्त खोल सुरांचा स्पीकर, स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेला.

हा सबवूफर पहिल्या दिवशी बसवलेला नव्हता. मामेभावाला विचारल्यावर खरी कथा कळली. दारांचे स्पीकर बसल्यावर बास काही उठेना. दुकानातला पोरगा पट्ट्या चढवत होता आणि हा शेजारी उभा राहून "इन्नू स्वल्प, इन्नू स्वल्प" (कानडीत 'आणखी थोडं') करत होता. पट्ट्या संपल्या तरी समाधान होईना, तेव्हा सबवूफरचा खर्च सुचवला गेला. तो बसला, त्याचा गेन, म्हणजे जोर ठरवणारं बटण, शेवटपर्यंत फिरवला गेला, आणि दोन दिवसांत कान बसतो असं सांगून गाडी ताब्यात दिली. दुकान बेळगावातलंच, नाव घेण्यात अर्थ नाही. अशी दुकानं सगळीकडे आहेत आणि गिऱ्हाईकही धडधडीवरच पैसे मोजतं.

स्क्रीनवर जे सापडलं ते असं: ५० आणि ८० हर्ट्झ +८ डेसिबल, १२५ ला +६, २०० ला +४, मग ३१५ ते १.२५ किलोहर्ट्झपर्यंत सगळं शून्याच्या खाली तीन-चार डेसिबल, पुढं पुन्हा चढण आणि ८ किलोच्या पुढं +७. म्हणजे दोन्ही टोकं वर, मध्ये खड्डा. वर बास बूस्ट चालू, लाउडनेस 'हाय' वर. आणि मामांच्या मोबाइलमधल्या गाण्यांच्या ॲपचा इक्वलायझरही चालू, त्यावर 'रॉक' निवडलेलं! तुकोबांचा अभंग चार ठिकाणी फुगून मामांच्या कानापर्यंत येत होता.

शब्द न कळण्याचं अर्धं कारण इथंच दिसतं. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा आणि तेवढ्यात माणसाचं बोलणं पुरेपूर कळायचं. शब्द त्या पट्ट्यात राहतात. दुकानदारानं नेमका तिथला बराच भाग खाली ओढून ठेवला होता. त्यात आणखी एक गोष्ट: कान खालच्या सुरांच्या गोंगाटात वरचे सूर हरवतो, उलटं तेवढं होत नाही. १२५-२०० च्या आसपास फुगवटा असला की तो गायकाच्या आवाजावर पांघरूण घालतो. तेव्हा आपल्याला वाटतं की आवाज कमी आहे, ट्रेबल वाढवूया. खरं तर खालचं काहीतरी जास्त असतं. या गाडीत मला पदोपदी हेच भेटत गेलं. ज्यानं जे कमी आहे म्हणून सांगितलं, त्याचं कारण दुसरीकडच्या जास्तीत किंवा सरळसरळ बिघाडात निघालं.

सगळं शून्यावर

पहिलं काम, मोबाइलचा इक्वलायझर बंद. लाउडनेस बंद, बास बूस्ट बंद, १३ पट्ट्या शून्यावर, सबवूफर बंद, आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांचा तोल) पूर्ण पुढं. आता फक्त दोन दारं आणि दोन ट्विटर वाजत होते. इंजिन बंद, काचा वर.

मामांना शब्द लगेच कळायला लागले. पण आवाज विचित्र होता. पातळ, आणि कुठून येतोय तेच समजेना. गायक समोर बसल्यासारखा वाटण्याऐवजी दोन्ही कानांच्या भोवती टांगल्यासारखा वाटत होता. साडेसहा इंची चांगले स्पीकर दारात आहेत, तरी डग्गा जवळजवळ नाहीच.

मग बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला. डग्गा आला. पूर्ण उजवीकडे नेला. तेव्हाही आला, आणि चांगला भरदार आला. मध्ये आणला की गायब! ज्याला गाडीच्या आवाजाचं थोडंफार कळतं तो इथं थांबतो, कारण ही खूण एकाच गोष्टीची असते. दोनपैकी एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं जोडलेलं आहे. एक पडदा बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि दोघं मिळून हवा हलवायच्या ऐवजी एकमेकांचं काम पुसतात.

हे खालच्या सुरांतच का घडतं, तेही पाहू. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरहून थोडी लांब असते. मामांच्या डोक्यापासून उजवं दार जवळ आणि डावं दार लांब, पण हा फरक अर्ध्या मीटरच्या आत. एवढ्या लांब लाटेपुढं तो फरक किरकोळ, म्हणून दोन्ही स्पीकर अगदी आमनेसामने भिडतात आणि खोल सूर मरतात. २०० हर्ट्झला लाट पावणेदोन मीटरवर येते. तिथं तोच फरक लाटेच्या पाव भागाएवढा होतो आणि पुसापुशी अर्धवट राहते. आता यावर दुकानातल्या पट्ट्या ठेवून बघा. ५०-८० ला कितीही चढवलं तरी दोन्ही बाजू सारख्याच चढतात, म्हणजे पुसलं जातंच. १२५-२०० ला चढवलेलं मात्र उरतं. खोली नाही, नुसता फुगवटा. मामांचं 'गदगद' ते हेच. डग्ग्याची प्रत्येक थाप एकाच सुरात ढेकर दिल्यासारखी येणार आणि मनगटाच्या दाबानं सूर वर सरकवत नेणारा घिस्सा त्यात ऐकू येणार नाही.

मग सबवूफर आला तो त्या मेलेल्या जागेत भर घालायला. त्याची वरची मर्यादा ठरवणारं बटण १५० हर्ट्झवर, गेन पूर्ण. सीटखालच्या आठ इंची डब्याला अगदी खोलवरचं जमत नाही, त्यानं १०० ते १५० च्या पट्ट्यात आणखी माती टाकली. एका उलट्या वायरीनं आधी पट्ट्या चढवून घेतल्या आणि मग एक सबवूफर विकला.

वायर

दाराचं पॅनेल काढलं. डाव्या दारात मूळची जोडणी कापून नवी वायर पिळून जोडलेली, वर काळी टेप. उन्हानं टेपचा गोंद पाघळून बोटांना लागत होता. स्पीकरच्या मागं दोन पत्त्या असतात, एक रुंद आणि एक अरुंद. बहुतेक कंपन्यांत रुंद पत्ती प्लस. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, रंगही ठरलेले असतात: पांढरी जोडी पुढचा डावा, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि प्रत्येक जोडीतली काळ्या रेघेची वायर मायनस. पण गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग वेगळे, आणि मध्ये पिळलेला जोड. तिथं अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

रंगांवर विसंबून न राहता घड्याळातला दीड व्होल्टचा सेल वापरला. स्टिरिओमागचा सॉकेट काढून, वायरी पूर्ण मोकळ्या करून, सेलचं प्लस टोक स्पीकरच्या प्लस वायरीला क्षणभर टेकवायचं. बारीक 'टप' होतं आणि पडदा बाहेर येतो. आत गेला तर उलटा. उजव्या दाराचा पडदा बाहेर आला, डाव्याचा आत. मामा बोट लावून बघत होते. तबला लावणाऱ्या माणसाला पडद्याचं हलणं सांगावं लागत नाही. (ट्विटरवर हा प्रयोग करू नये. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, सेलचा करंट तिथून जात नाही, आणि ट्विटर नाजूकही असतो.)

वायर सरळ केली, जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक नळी चढवली. पुन्हा तोच अभंग, सगळं शून्यावर, सबवूफर बंदच. डग्गा समोरून आला. मामेभाऊ मागच्या सीटवर होता. तो म्हणाला, "सब चालू केलाय काय?"

आवाज फाटायचा का

या प्रश्नाचं उत्तर हिशेबात आहे. स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असं छापलेलं असतं. तो आकडा अगदी टोकाचा, फाटलेल्या आवाजासकटचा. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास, स्पीकर ४ ओहमचा. एवढ्यात आतला ॲम्प्लिफायर स्वच्छ असे २० वॅटच्या जवळपासच देऊ शकतो. आता इक्वलायझरचा भाव बघा: ३ डेसिबल चढवलं की वीज दुप्पट लागते, ६ ला चौपट, ९ ला आठपट. ८० हर्ट्झवर +८ म्हणजे सहापटीहून जास्त. साध्या आवाजात डग्ग्याच्या थापेला ४ वॅट पुरत असतील तर आता २५ मागितले जातात. तेवढे नाहीतच. मग लाटेची शेंडी छाटली जाते, आणि त्याच ॲम्प्लिफायरमधून त्याच क्षणी गायकाचा आवाजही जात असतो. म्हणून थाप पडली की बुवांचा आवाज फाटतो. बिचाऱ्या बुवांचा काही दोष नव्हता.

याच कारणासाठी माझा कल नेहमी पट्टी खाली आणण्याकडे असतो. शेजारचं कमी केलं की हवं ते आपोआप वर येतं, आणि ॲम्प्लिफायरला श्वास घ्यायला जागाही राहते.

लाउडनेसबद्दल इथंच सांगून टाकतो. हळू आवाजात कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. लाउडनेसचं बटण त्याची भरपाई करतं, म्हणजे ते हळू ऐकण्यासाठी आहे. मोठ्या आवाजात कान स्वतःच ती भरपाई करत असतो, तिथं हे बटण नुसती भर घालतं. मामा हायवेवर मोठ्यानं ऐकतात. बटण बंद.

दार म्हणजे स्पीकरचा डबा

स्पीकर बदलताना दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच लोंबत सोडला होता. दार हाच वूफरचा डबा. वूफरच्या पडद्याच्या मागची हवा दाराच्या भोकांतून पुढं आली की पुढच्या हवेला पुसते, पुन्हा तेच उलट्या वायरीचं दुखणं, थोड्या प्रमाणात. शिवाय कुलपाची सळई आणि पॅनेलच्या क्लिपा एका ठरावीक सुरावर करकरायच्या. हा सूर शोधायला मोबाइलवरून एकेक शुद्ध सूर वाजवत गेलो, ५० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू. १६० च्या आसपास डावं दार थरथरायला लागलं. हात ठेवला की थांबे.

दोन्ही दारांच्या बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइल शीट (थरथर दाबणारी चिकट रबरी शीट) रोलरनं दाबून लावली, मोठी भोकं बंद केली, सळईला फोमची टेप गुंडाळली, प्लास्टिकचा पडदा नवा बसवला. एक गोष्ट मात्र मुद्दाम मोकळी ठेवली: दाराच्या तळाची पाणी वाहून जायची भोकं. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. आमच्या भागात, विशेषतः खानापूर-जांबोटीकडं पाऊस सुरू झाला की दिवसचे दिवस थांबत नाही. ती भोकं बुजवली तर दार आतून सडणार. नवा पडदाही याच पाण्यापासून पॅनेलला वाचवतो, आवाजाचा फायदा वरचा.

टेप घेऊन मोजणी

मामांचं डोकं जिथं टेकतं तिथून उजव्या वूफरपर्यंत ९५ सेंटिमीटर, डाव्यापर्यंत १४०. फरक ४५. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे डाव्या बाजूचा आवाज सुमारे १.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. फार वाटत नाही. पण ४५ सेंटिमीटर ही ३८० हर्ट्झच्या लाटेची निम्मी लांबी. तिथं दोन्ही बाजू एकमेकींना पुन्हा पुसतात, वायरी सरळ असल्या तरी. ३८० म्हणजे गाणाऱ्याच्या आवाजाचा ऐन गाभा. इथं जो खड्डा पडतो तो ३१५ ची किंवा ५०० ची पट्टी चढवून भरत नाही. जितकं ओतावं तितकं पुसलं जातं.

स्टिरिओत टाइम अलाइनमेंट होतं, कुणी कधी उघडलेलंच नव्हतं. त्यात अंतरं भरली की जवळच्या उजव्या स्पीकरला तो तेवढं थांबवतो. ट्विटरची अंतरं वेगळी मोजून भरली.

पडताळणीला मामांनी कुमार गंधर्वांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. कुमार बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले, त्यामुळे आमच्याकडं त्यांच्यावर जरा हक्कानंच बोललं जातं. पण मला ते मुद्रण दुसऱ्या कारणासाठी हवं होतं. ते मोनो आहे. मोनो मुद्रणात डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज असतो, म्हणून सगळं नीट जमलं असेल तर गायक एका जागी, नेमका समोर बसलेला वाटला पाहिजे. आकडे भरायच्या आधी तो उजव्या आरशाजवळ होता. भरल्यावर स्टिअरिंगच्या थोडा डावीकडं, बोनेटच्या वर कुठंतरी जाऊन बसला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी तान संपेपर्यंत डोळे मिटले आणि मग पुन्हा पहिल्यापासून लावा म्हणाले.

अडचण मामींची. उजव्या सीटसाठी जुळवलेलं डाव्या सीटवर जास्तच बिघडतं. एकाच वेळी दोघांना समोर गायक देता येत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. म्हणून दोन मांडण्या साठवल्या: एक मामा एकटे असतानाची, दुसरी बिनविलंबाची, दोघं असतानाची. दुसरीत गायक मध्ये बसत नाही, पण कुणावर अन्यायही होत नाही.

आता इक्वलायझर

एवढं झाल्यावर १३ पट्ट्यांची पाळी आली. पिंक नॉइज लावला. हा सततचा 'शूऽऽ' असा आवाज, ज्यात प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असते. मोबाइलच्या स्पेक्ट्रम ॲपवर तो बघत फोन मामांच्या डोक्याच्या जागी हळूहळू फिरवला. एका जागी धरू नये, कारण चार बोटं सरकलं की आलेख बदलतो. सरासरी बघायची. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, अगदी खालच्या सुरांत त्याच्यावर भरवसा ठेवू नये. ते काम कानानं.

आलेखात दोन उंचवटे होते. एक १२५ ते २०० मध्ये, दुसरा ३ किलोच्या आसपास. पहिला छोट्या गाडीचा स्वभावच. बंद काचांच्या एवढ्याशा पेटीत खालचे सूर तसेही चढून येतात, घरातल्या खोलीपेक्षा बरेच जास्त. त्यामुळे घरच्या सिस्टिमसारखं गाडीत बास वाढवायची गरज पडत नाही. दुसरा उंचवटा काचेकडं तोंड केलेल्या ट्विटरांचा. काचेवरून परतणारा आवाज थेट येणाऱ्यात मिसळतो. आणि माणसाचा कान ३ ते ४ किलोहर्ट्झलाच सगळ्यात तिखट असतो, कानाच्या नळीची घडणच तशी आहे. मामींचं डोकं उठायचं ते इथून. बास त्यांना कधी त्रास देत नव्हता, त्यांनाही तसं वाटायचं एवढंच. ट्विटरची तोंडं आधी आतल्या आरशाकडं वळवली, उंचवटा निम्मा तिथंच गेला. उरलेल्याला पट्टी.

शेवटी बसलेले आकडे: ५० आणि ८० शून्य, १२५ ला −२, २०० ला −४, ३१५ पासून ८०० पर्यंत शून्य, १.२५ आणि २ किलोही शून्य, ३.१५ ला −३, ५ ला −२, ८ ला −१, १२.५ ला +१. तेरापैकी एकच पट्टी शून्याच्या वर. हे आकडे उचलून दुसऱ्या गाडीत भरू नका. दुसऱ्या गाडीचं दार वेगळं, काच वेगळी, डोक्याची उंची वेगळी.

२०० ची पट्टी ठरवायला गाणं वापरलं नाही, आकाशवाणीच्या मराठी बातम्या वापरल्या. पुरुषी बोलका आवाज यासाठी उत्तम. पट्टी वर असली की निवेदक रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो, फार खाली नेली की छाती नसल्यासारखा. मामा 'हां' म्हणाले तिथं थांबलो.

५ आणि ८ किलोचा निवाडा टाळांनी केला. भजनात टाळांचा लखलखाट आणि गायकाचे स, श, च हे वर्ण एकाच पट्ट्यात येतात. जास्त झालं तर 'संत' शब्दातला स शिटीसारखा टोचतो आणि टाळ पत्र्यासारखे वाजतात. कमी केलं तर टाळ घोंगडीखाली. इथं मामा आणि मामेभाऊ यांचं जमेना. मामांना अजून चमक हवी, पोरगा म्हणे कान टोचतो. दोघंही खरं बोलत होते. वय वाढतं तसं कानाचं वरचं टोक झिजत जातं, साठीच्या माणसाला १२ किलोच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. गाडी मामांची, म्हणून १२.५ ला तो एक डेसिबल त्यांच्या नावे. पाचला हात लावू दिला नाही, कारण तिथं वाढवलं तर मामीही टोचलं म्हणणार.

आणि सबवूफर? तो काढला नाही. त्याची वरची मर्यादा १५० वरून ८० वर आणली, दारांच्या स्पीकरना ८० च्या खालचं देणं बंद केलं. खोल सुरांचं ओझं उतरल्यामुळे दारं मोकळी झाली. मग त्याच्यावरचा ०-१८० चा, म्हणजे प्लस-मायनस उलटवणारा, स्विच दोन्हीकडं करून ८० हर्ट्झचा सूर लावून पाहिला, ज्या बाजूला सूर मोठा ती बाजू ठेवली. गेन निम्म्याच्याही खाली. तरी आता डग्गा सीटखालून येतोय असं वाटत नाही, बुवांच्या शेजारून येतो.

हायवेवर

उभ्या गाडीत जुळवलेलं चालत्या गाडीत तसंच राहत नाही. काकती सोडून ८० च्या वेगात आलो की टायरची घरघर सुरू होते, आणि ती बहुतेक खालच्या सुरांची. तिच्याखाली डग्गा पुन्हा दबतो. यासाठी इक्वलायझरला हात लावायचा नाही असं ठरलं. सबवूफरबरोबर वायर असलेलं छोटं बटण आलं होतं, ते खोक्यातच पडून होतं. ते गिअरजवळ बसवलं. हायवेला लागलं की थोडं वर, गावात शिरलं की खाली. वंटमुरी घाटात ट्रकांच्या मागं काचा खाली कराव्या लागल्या तर मग काहीच जुळत नाही, त्यावर उपाय नाही.

मामांना घिस्सा मिळाला. हत्तरगीच्या अलीकडं त्यांनी स्वतः दोन बोटांनी स्टिअरिंगवर तो काढून दाखवला आणि मी रस्त्याकडं बघा म्हणालो.

मामेभावाची तक्रार मात्र शिल्लक आहे. पहिले काही दिवस त्याला सगळं फिकं वाटत होतं. कानाला फुगवट्याची सवय झालेली असते, ती उतरायला वेळ लागतो. आता तो बास कमी म्हणत नाही, पण मागच्या ओव्हलना वेगळा चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर हवा म्हणतो. माझ्या मते मामांना त्याची गरज नाही, मागचे स्पीकर आम्ही मुद्दामच हळू ठेवलेत. तरी बसवायचाच असेल तर जाड तांब्याची वायर थेट बॅटरीपासून, फ्यूज बॅटरीच्या टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत, ग्राउंड रंग खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टनं घट्ट, आणि पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूनं नेली तर सिग्नलची दुसऱ्या बाजूनं, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी अल्टरनेटरची शीळ गाण्यात ऐकू येईल. आणि वायरी जोडून झाल्यावर, पॅनेल लावायच्या आधी, चारही स्पीकर पुन्हा एकदा सेलवर तपासून घ्यायचे.